सारंगखेड्याच्या यात्रेतला खटला

मूट कोर्टसाठी आमच्या दोघींची नावं पुकारली गेली, तेव्हा मी बाकावरून अशी उठले की गुडघ्याला बाकाचा कोपरा लागला. ते मला संध्याकाळपर्यंत कळलंसुद्धा नाही. मूट कोर्ट म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांनी चालवायचा खोटा खटला. वकील खोटे, पक्षकार खोटे, घाम मात्र खरा. बाहेरगावच्या मोठ्या कॉलेजांशी स्पर्धा होती आणि नंदुरबारच्या आमच्या कॉलेजातून दोन मुली जाणार होत्या. मी आणि ती.

मी तापीकाठच्या शेतकऱ्याची मुलगी. घरी कापूस, पपई, थोडी केळी. नंदुरबारला वसतिगृहात राहून वकिली शिकत होते. ती नंदुरबारचीच. तिचे अब्बा घोड्यांची खोगिरं आणि लगाम बनवायचे, दुकानाच्या मागेच घर. आमची ओळख पहिल्याच आठवड्यात झाली, ती भांडणातून. शेअर रिक्षात ड्रायव्हर चौथी सवारी कोंबत होता आणि एक मुलगी त्याला मोटार वाहन कायदा सांगत होती. कलम चुकीचं होतं, पण आवाज असा ठणठणीत की चौथी सवारी आपणहून उतरून गेली. मी रिक्षातच ठरवलं, हिच्याशी दोस्ती करायची.

आम्ही दोघी अहिराणीतच बोलायचो. मराठी वर्गात, इंग्रजी पुस्तकात आणि तिच्या घरी अम्मीशी हिंदी. दुपारी माझ्या डब्यातली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी ती खायची, तिच्या डब्यातलं मी. जेवताना एक जण फिर्यादी व्हायची, दुसरी आरोपीची वकील. तिच्याशी वाद घालण्यात जी मजा होती, ती मला आजवर दुसऱ्या कशात सापडलेली नाही. हरले तरी मी खूश असायचे.

तयारी सुरू झाली आणि पावसाळ्याच्या मध्यात कधीतरी ती गप्प व्हायला लागली.

काहीही झालेलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळ्यांनी तेच विचारलं: झालं काय? नापास झाली नव्हती, कोणी फसवलं नव्हतं, घरात कुणी रागावलेलं नव्हतं. ती नुसती विझत गेली. आधी डबा आणणं बंद झालं. मग मी मुद्दाम चुकीचं कलम सांगितलं तरी ती “हां” म्हणायची. वर्गात डोळे उघडे, पण माणूस तिथे नाही. विचारलं की म्हणायची, “थकी गयी मी.” झोप झाली नाही का? “झोपच येस नही.” पहाटेच जाग येते आणि मग छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, एवढं एकदा सांगितलं, तेही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं.

त्याच सुमारास कॉलेजात एक व्याख्यान झालं. सरकारी रुग्णालयातल्या मनोविकारांच्या डॉक्टर आल्या होत्या. आम्ही सगळे त्यांना मॅडमच म्हणायचो. सभागृहात पंखे घरघरत होते, मागच्या रांगा मोबाइलमध्ये. मॅडमनी सरळच सुरुवात केली. म्हणाल्या, “वकिली शिकणारी मुलं दुसऱ्याची बाजू मांडायला शिकतात. स्वतःवर आली की गप्प बसतात.” मग म्हणाल्या, नैराश्य हा आजार आहे, आणि त्याला कारण लागतंच असं नाही. एखाद्या मैत्रिणीची काळजी वाटली तर तिला सरळ विचारा, जीव द्यायचा विचार मनात येतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट, आत अडकलेल्या माणसाला दार दिसतं. ती हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका. आणि तिला घेऊन आमच्याकडे या.

मागे कुणीतरी खिदळलं. माझी मैत्रीण माझ्या शेजारीच बसली होती. ती हसली नाही, तिने मान खाली घातली. मी मॅडमचा शब्द न् शब्द ऐकला.

काही दिवसांनी, भर दुपारी, सायकल स्टँडमागच्या ओट्यावर तिने माझ्या हातात एक पिशवी दिली. आत तिचा काळा कोट होता, इस्त्री केलेला. वर्षभर हट्ट करून तिने तो शिवून घेतला होता. मापात चूक झाली तेव्हा टेलरला सोडून तिने अब्बांनाच फैलावर घेतलं होतं.

“तुले व्हई हाऊ,” ती म्हणाली. “माले आते नको.”

 मी पिशवी बाजूला ठेवली, तिचा हात धरला आणि विचारलं. 

“तुन्हा मनमा जीव देवाना इचार येस का?”

 मला वाटलं, आता चिडेल, उठून जाईल, परत बोलणार नाही. समोरच्या सायकलींवर चिमण्या भांडत होत्या. मग तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला आणि ती म्हणाली, “हां. येस. रोज येस.”

आणि ती रडायला लागली. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं. मला भीती वाटत होती, पण त्या भीतीच्या आत काहीतरी उसळलंही होतं. ती बोलली होती! दार उघडलं होतं! मला तिला उचलून पळत सुटावंसं वाटलं.

“मी नसली ते घरना लोकेसले सोपं जाई, असं वाटस,” ती हुंदके देत म्हणाली.

“वाटस. पण तसं नही शे.”

“घरमा सांगू नको.”

“सांगसू.”

“तू मन्ही दोस्त शे का दुश्मन?”

“आज दुश्मन,” मी म्हटलं. “चाल, ऊठ.”

ती उठली. कोटाची पिशवी मी काखेत मारली, तिचा हात मात्र सोडला नाही. रिक्षात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. ड्रायव्हरने चौथी सवारी घेतली. कुणीच काही बोललं नाही.

घरी तिची अम्मी, म्हणजे माझ्या चाची, कणीक मळत होत्या. मी दारातच सगळं सांगून टाकलं, धापा टाकत, अर्धं मराठी, अर्धं हिंदी. चाचींनी एक शब्द विचारला नाही. कणकेचे हात धुतले, बुरखा घातला, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “चलो.” मी दुकानात डोकावून चाचांनाही, म्हणजे तिच्या अब्बांनाही, सांगितलं. ते हातातलं चामडं तसंच टाकून निघाले.

सरकारी रुग्णालयात त्याच मॅडम होत्या. त्यांनी आधी तिला एकटीला आत घेतलं. आम्ही तिघं बाहेर बाकावर. चाचांच्या कपड्यांना चामड्याचा आणि रंगाचा वास येत होता. ते एकसारखे बोटं मोडत होते. मग हळूच, चाचींना ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्यांनी मला विचारलं, “बेटी, तू वकिली शिकस. हाई पोलिसमा जाई का? पोरनं नाव केसमा लागी का?”

 लेक आत बसलेली, आणि या माणसाच्या छातीवर पोलिसांचं ओझं.

“नाही चाचा,” मी म्हटलं. “मनात विचार येणं हा गुन्हा नाहीच. आणि कुणी तसा प्रयत्न केला तरी त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे, असा कायदा आहे. जुनं कलम होतं, ते नव्या संहितेत ठेवलेलंच नाही.”

“सच?”

“सच.”

त्यांनी डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला की बाकावर पलीकडे बसलेल्या बाईने वळून पाहिलं. मग ते म्हणाले, “आपला भागमा हाई कोनले माहीतच नही. लोक पोलिसना डरले दवाखानामा लयतस नहीत.”

दार उघडून मॅडमनी आम्हाला आत बोलावलं. मैत्रीण थकलेली दिसत होती, पण ताठ बसली होती. मॅडमनी समजावून सांगितलं. औषध लागू पडायला काही आठवडे जातील, गोळ्या चाचींच्या ताब्यात राहतील, काही दिवस तिला एकटीला ठेवायचं नाही, आणि दर आठवड्याला बोलायला यायचं. “बरी होईल का?” चाचींनी विचारलं. “बरी व्हायला लागेल,” मॅडम म्हणाल्या. “घाई करू नका.”

मूट कोर्ट आम्ही सोडलं. आमची तयारी करून घेणाऱ्या सरांना मी जाऊन सांगितलं, तिच्या परवानगीने, थोडक्यात. सर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, “हजेरीचं मी बघतो. तू रोज तिच्याकडे जा.”

मी रोज गेले. पहिले आठवडे कठीण होते. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची आणि मी शेजारी बसून कॉलेजातल्या गमती सांगायचे. कधीकधी मलाच माझा कंटाळा यायचा. मग मी मोठ्याने अभ्यास करायला लागले. एका संध्याकाळी मानसिक आरोग्य कायद्यातलं, चाचांना सांगितलेलं तेच कलम वाचत होते. जीव देण्याचा प्रयत्न करणाऱ्या माणसावर गंभीर ताण होता असं मानावं, त्याच्यावर खटला चालवू नये. इंग्रजी मजकूर वाचताना माझी जीभ घसरली आणि मी ‘शॅल’च्या जागी ‘मे’ वाचलं.

“‘मे’ नही व,” भिंतीकडून आवाज आला. “‘शॅल’ शे. मानता येईल असं नही. मानावंच लागेल. उलट सिद्ध व्हस नही तोवर कोर्टले दुसरा रस्ताच नही. इतलं बी वाचता येस नही तुले?”

मी पुस्तक फेकलं आणि स्वयंपाकघरात धावले. “चाची! ती भांडली! चाची, ती माझ्याशी भांडली!”

चाचींच्या हातात उलथणं होतं, तव्यावर पोळी. त्या उलथण्यासकट पळत आल्या. मैत्रीण उठून बसली होती, केस विस्कटलेले, कपाळाला आठ्या. “येड्या झाल्या का दोन्ही?” म्हणाली. आत पोळी करपली. त्या करपलेल्या पोळीचा तुकडा तिने तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं. मी आणि चाची रडत हसत होतो.

तिथून पुढे सरळ चढण नव्हती. चांगला दिवस यायचा, मग दोन वाईट यायचे. पण दिवाळीनंतर ती कॉलेजात परतली. एका दुपारी मी तिला चाचांनी रुग्णालयात विचारलेला प्रश्न सांगितला. तिला हे ठाऊकच नव्हतं.  ती एकदम म्हणाली, “यात्रामा खटला चालाडूत.”

सारंगखेड्याची यात्रा! मार्गशीर्षात दत्ताची यात्रा भरते आणि कुठकुठून घोडे येतात. चाचांचं दुकान दरवर्षी तिथे लागायचं. माझं तर ते लहानपणचं अंगण. मी ताडकन उठले. तिथे, घोड्यांच्या बाजारात, अहिराणीत, खोटा खटला! सरांनी होकार दिला, परवानगी काढली. तिने मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, तुला करावंसं वाटत असेल तर कर, आणि दुसऱ्या दिवशी मला भेटायला ये.

खटला साधा होता. एका तरुणाने जीव द्यायचा प्रयत्न केला आणि तो वाचला. गाव म्हणतं, त्याला पोलिसात द्या. मी गावाची वकील, ती त्या तरुणाची. सर न्यायाधीश. वर्गातला एक उंच मुलगा आरोपी. आम्ही दोन आठवडे घसा बसेपर्यंत तालीम केली.

यात्रेच्या दिवशी दुपारी मैदान नुसतं उकळत होतं. पांढरे, काळे, अबलख घोडे, गळ्यात रंगीत गोंडे. व्यापाऱ्यांचे फेटे, धुळीचे लोट, पाळण्यांची किंचाळणारी गाणी आणि भजीच्या तेलाचा वास. आम्ही चाचांच्या दुकानासमोर सतरंजी टाकली, टेबल ठेवलं, लाउडस्पीकर लावला. काळे कोट घातलेल्या दोन पोरी बघून माणसं थांबायला लागली. तिने तिचा तोच कोट घातला होता. मी तो तिला केव्हाच परत दिला होता.

मी सुरुवात केली. “साहेब, ह्या पोऱ्याने गावनी इज्जत घालाडी! याले जेलमा टाका!” गर्दीत दोघांनी चक्क टाळ्या वाजवल्या. मला धक्काच बसला, पण मजाही आली. म्हणजे लोक खरंच ऐकत होते!

मग ती उभी राहिली. सुरुवातीला आवाज दबका होता.  तिने कायदा सांगितला. शिक्षा नाही, उपचार. पोलिसांच्या भीतीने कुणाला घरात लपवू नका. हा आजार आहे, मलेरियासारखा, शुगरसारखा. बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला, चढत गेला, आणि मला तो रिक्षातला ठणठणीत आवाज ऐकू आला. 

तेवढ्यात गर्दीतून एक पागोटेवाला व्यापारी ओरडला, “ओ वकीलबाई! कायदा ठीक शे. पण त्या पोऱ्याना मनमा काय व्हतं, तुले काय माहीत? पुस्तकमा वाचं व्हई!”

लोक हसले. ती थांबली. तालमीप्रमाणे पुढचं वाक्य माझं होतं, पण तिने माइक सोडला नाही.

“पुस्तकमा नही वाचं, काका,” ती म्हणाली. “मी सोता तठे व्हती. ह्याच वरीसले. मन्ही दोस्तने इचारं, मन्ही अम्मी दवाखानामा लई गयी. आज मी गोळी खाईसन उनी शे. आनि तुमना सामने उभी शे.”

मैदानात घोडे खिंकाळत होते, पाळणे फिरत होते, पण आमच्या समोरची गर्दी चिडीचूप.  दुकानातून चाचा बाहेर आले. हातात लगाम तसाच. गर्दीतून वाट काढत ते पुढे आले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “मन्ही पोर शे ती, मन्ही अंडेर!”

आधी त्या व्यापाऱ्यानेच टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी. कुणीतरी शिट्टी मारली. न्यायाधीश झालेल्या सरांना चष्मा पुसावा लागला आणि निकाल वाचताना त्यांची दोन वाक्यं गळाली. आरोपीच्या कामातला मुलगा उगाचच सगळ्यांना हात जोडत सुटला. मी तिच्या गळ्यात पडले, ती म्हणाली, “दूर हो, तू गावनी वकील शे!”

गर्दी पांगली. चाचांच्या दुकानाच्या मागच्या बाजूला आम्ही चहा पीत बसलो होतो, तेव्हा एक बाई आल्या. जवळच्या म्हसावद गावच्या होत्या, अंगावर चांगली साडी, चेहरा उतरलेला. खाटेच्या कडेला बसल्या आणि मैत्रिणीला म्हणाल्या, “मन्ही पोर पुण्याले वकिली शिकस. दोन महिना झाया, फोनवर नुसतं हां-नही करस. दिवाळीले बी ऊनी नही. मी काय करू, बेटा?”

“तिले सरळ इचारा,” मैत्रीण म्हणाली. “रागावू नका. उपदेश नको. इचारा, आनि मग गप्प ऱ्हावा. ती बोली.”

“असं कसं इचारू? आई शे मी.”

“म्हनीसनच इचारा.”

बाईंनी पदराने तोंड पुसलं आणि तिथेच फोन लावला. आम्ही उठायला लागलो, तर त्यांनी मैत्रिणीचा हात घट्ट धरून ठेवला. लेकीने फोन उचलला. बाईंनी विचारलं. जसंच्या तसं, एका दमात. मग त्या गप्प बसल्या. पलीकडून काहीच येत नव्हतं.  आणि मग बाईंचे डोळे भरून आले.

“बोल बेटा,” त्या म्हणाल्या. “मी आयकस. बोल.”

लेक बोलत राहिली. बाई फक्त “हां बेटा” म्हणत होत्या. मैत्रिणीने खुणेने विचारलं, खोलीत कोण आहे तिच्याबरोबर? बाईंनी तसं विचारलं. खोलीतल्या दुसऱ्या मुलीकडे फोन गेला. मग मैत्रीण स्वतः तिच्याशी बोलली. तिच्याजवळ बस, एकटी सोडू नकोस, वसतिगृहाच्या बाईंना बोलाव, आजच डॉक्टरांकडे न्या. एकेक वाक्य स्वच्छ, न घाबरता. मी पाहत होते. काही महिन्यांपूर्वी हीच मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती!

बाई मुलाबरोबर यात्रेला आल्या होत्या; मी पळत जाऊन त्याला शोधलं. तो घोडे बघत होता. त्याने तिथूनच गाडी काढली आणि मायलेक पुण्याच्या रस्त्याला लागले. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघी हात हलवत होतो.

पुढे महिनाभराने, आम्ही कॉलेजच्या ग्रंथालयात बसलेलो असताना मैत्रिणीचा फोन थरथरला. म्हसावदच्या बाई. लेकीवर उपचार चालू आहेत, आता ती घरी आलेली आहे, अजून फार बोलत नाही. “पन आज,” बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज चिरकला, “आज म्हने, आई, हाई काय वरण शे, नुसतं पानी! मन्हा वरणले नावं ठेवी तिने!”

मैत्रिणीने फोन कानाला लावलेला असतानाच टेबलावर हात आपटला आणि मी मोठ्याने ओरडले. ग्रंथपालांनी आम्हाला दोघींनाही बाहेर काढलं. व्हरांड्यात उन्हात उभ्या राहून आम्ही पोट धरून हसलो. येणारे-जाणारे विचारत होते, झालं काय? आम्ही सांगत होतो, “वरण पाणचट झालं!” आणि पुन्हा हसत होतो.